कोपरापासून मनगटापर्यंत बारा सुना

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेलो ते पँट घेऊन.

औषधाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर ‘सुईवाली’ बसते, एवढंच मी लोकांकडून ऐकलं होतं. जिना चढलो, दार उघडलं आणि म्हणालो, “दोन इंच कमी करायचीय. टाचेखाली येते.”

खिडकीपाशी पांढऱ्या कोटातली एक मुलगी ट्रेमध्ये काहीतरी मांडत होती. तिने पँटकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

“त्यापेक्षा पाय वाढवता आले तर बघू का?”

“म्हणजे?”

“मी कपड्यांना सुया लावत नाही. माणसांना लावते.”

तिच्यामागे भिंतीवर माणसाचं मोठं चित्र होतं, अंगभर रेषा आणि रेषांवर ठिपके. मी ते कापड बेतायचं काही असेल असं समजलो होतो. “चुकलो,” म्हणून वळलो, दाराची कडी धरली, तर ती म्हणाली, “थांबा. उजवी करंगळी कधीपासून बधिर आहे?”

मी जागच्या जागी उभा राहिलो. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“आत्ता कडी धरताना ती एकटीच वर होती. बाकीची चार बोटं कामाला, आणि ही आपली पाहुणी.”

मी पाट्या लिहायचो. दुकानांच्या, शाळांच्या, गाड्यांच्या मागच्या. पंधराव्या वर्षापासून शिडीवर, हात वर. त्या वर्षी करंगळी बधिर झाली होती आणि अक्षराच्या शेवटी ब्रश थरथरायला लागला होता. घरात मी आणि आई. माझा हात गेला की आमचं सगळंच गेलं असतं. दिवसभर दुसरा विचार नसायचा, आणि या मुलीने तो दाराच्या कडीवरून ओळखला.

तिने मला खुर्चीवर बसवलं आणि बाही वर करायला लावली.

“ही रेषा काखेतून निघते, हाताच्या आतल्या बाजूने खाली येते आणि करंगळीच्या नखाशी संपते. वाटेत नऊ ठिकाणं. चिनी वैद्य हिला हृदयाची वाहिनी म्हणतात.”

“दुखतो हात, आणि नाव हृदयाचं?”

“तक्रार त्यांच्याकडेच करा. थोडा उशीर झालाय, दोनेक हजार वर्षं.”

मी टेपची वाट बघत होतो. तिने माझाच अंगठा धरला आणि माझ्याच मनगटावर आडवा ठेवला.

“तुमच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक सुन. हे त्यांचं माप. माझा अंगठा इथे चालत नाही. प्रत्येकाचं माप ज्याच्या त्याच्या अंगावर.”

मी जन्मभर एकाच पट्टीने सगळ्या भिंती मोजल्या होत्या. मला हे फार आवडलं.

मग तिने बोटाच्या टोकाने जागा शोधली. माप घेऊनही ती मापावर थांबायची नाही. बोट थोडं पुढे, थोडं मागे… आणि एके ठिकाणी ते आपोआप टेकायचं, जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय टेकतो तसं. भिंतीवर हात फिरवून ओल कुठे आहे ते मला कळतं. तिला हात असा कळत होता. सुई गेली ते समजलंही नाही. नंतर मात्र कोपरापासून करंगळीपर्यंत काहीतरी जड, संथ उतरत गेलं.

“आलं?”

“आलं.”

“मग गप्प बसा वीस मिनिटं. जमतं का?”

“पँटीचं काय?”

“ती गप्पच आहे. तिच्याकडून शिका.”

आठवड्यातून दोनदा जायला लागलो. तिसऱ्या खेपेला आई बरोबर आली, मुलाला सुया टोचते ती कोण, ते बघायला. पडद्याबाहेर बाकावर बसली. आत ती मला समजावून सांगत होती, कोपरापासून मनगटापर्यंत बारा सुन, वरचं ठिकाण कोपराच्या तीन सुन वर, मनगटाजवळ दीड सुनात चार ठिकाणं.

पडदा सरकला. आईचं डोकं आत.

“बाई, किती म्हणालात?”

“बारा सुन.”

“बारा सुना? आणि मनगटाशी दीड?” आईने माझ्याकडे बघितलं. “मी इतकी वर्षं एकीसाठी घरोघर फिरतेय. हा इथे डझनभर घेऊन बसलाय.”

तिने आईला सगळं नीट सांगितलं, अंगठा धरून मापही दाखवलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

“कळलं. मला बारा नकोत. एक पुरे. जरा बघा तुमच्या ओळखीत… साधारण तुमच्याएवढी.”

पडदा बंद झाला. माझ्या हातात पाच सुया, पळायची सोय नाही. तिचे कान लाल झाले होते. ती ट्रेमधल्या कापसाच्या बोळ्यांची विनाकारण रांग लावत राहिली.

पुढे एकदा मी सहज विचारलं, “घरच्यांनाही सुया लावता का?”

“नाही. आमच्या सरांचा नियम आहे. आपल्या माणसाला आपण सुई लावायची नाही.”

“का?”

“हात हलतो.”

त्या दिवशी मला माझी अडचण कळली. हात सुधारत होता. कित्येक महिन्यांनी प्रथमच ‘र’ची शेपटी सरळ उतरली होती. तिच्याशिवाय गावात हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. मनातलं बोललो, तर सुया बंद. नाही बोललो, तर… हात बरा होणार आणि जिना चढायचं कारण संपणार. मी गप्प बसलो. घरी आई विचारायची, “काय म्हणतात तुझ्या बारा?” मी जेवणाच्या ताटात बघायचो.

नववी की दहावी खेप असेल. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक जागा आहे. तिचं नाव तिने ‘मनाचा दरवाजा’ असं सांगितलं होतं. तिने माप घेतलं, जागा शोधली, सुई उचलली. सुईचं टोक हललं. तिने ती बाजूला टाकून दुसरी घेतली. तीही हलली.

“पंखा बंद करू का?” मी म्हणालो.

“बंदच आहे.”

ती स्टुलावर बसली. हात मांडीवर ठेवले.

“तुम्ही आता इथे येऊ नका.”

“मी काही बोललो का?”

“तुम्ही कसले बोलताय. भिंतीवर लिहायला सांगितलं असतं तर एव्हाना लिहिलं असतंत.” तिने मान वर केली नाही. “दोन आठवडे झाले याला. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुमचा हात अर्धवट राहिला असता. सुया लावत राहिले. चूक केली मी.”

मी तिने बाजूला टाकलेल्या दोन सुयांकडे बघितलं.

“एक करता येईल,” ती म्हणाली. “मी तुम्हाला नुसता पेशंट समजेन. मनावर घेतलं तर जमेल, दोन-तीन महिने. हात पूर्ण बरा होऊ दे. मग… मग बघू.”

तिला ते जमलं असतं. तिच्या बोटांनी ठरवलं की काहीही जमायचं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. मग बाही खाली घेतली आणि कफचं बटण लावायला गेलो. करंगळी आडवी येत होती, बटण सापडत नव्हतं. बराच वेळ लागला. तिने मदत केली नाही, नुसती बघत राहिली.

“अक्षर थोडं हललं तरी वाचता येतं,” मी म्हणालो.

“आणि गिऱ्हाईक काही म्हणालं तर?”

“म्हणेन, घरात डॉक्टर आहे, पण ती मला हात लावत नाही.”

ती हसली. हसता हसता तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले, आणि बाही नाकापर्यंत आल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं.

पुढचे काही महिने तिने मला बसने सरांकडे पाठवलं. म्हातारा खिळे ठोकल्यासारखा सुया लावायचा. हात कामापुरता बरा झाला, पण पूर्ण नाही. चौतीस वर्षं मी पाट्या लिहिल्या आणि प्रत्येक अक्षराची शेवटची रेघ थोडी हलत राहिली. लोकांना ती माझी पद्धत वाटली. गावातल्या दोन नव्या पेंटरांनी तिची नक्कलही केली. तेव्हा ती म्हणाली होती, “बघा, एका दुखण्याचे तीन पेशंट केलेत.” चौतीस वर्षांत तिने मला एकही सुई लावली नाही. संध्याकाळी नुसता हात हातात घेऊन बसायची.

तिला जाऊन आता आठ महिने झाले. तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी दवाखाना चालवते. त्या मुलीच्या नावाची पाटी मीच लिहिली. परवा ती द्यायला गेलो, तर मुलगी अक्षरांवरून बोट फिरवत शेवटच्या रेघेशी थांबली.

“काका, आता तरी हात दाखवा ना. मी काही घरची नाही, नियम आड येत नाही. तीन महिन्यांत थांबेल ते.”

“थांबवायचं नाहीये ग,” मी म्हणालो, आणि पाटी कुठे लावायची ते विचारलं.