बुडबुड्यांना बूच

गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून कुणी तहानेनं सुकेल का? तुम्ही म्हणाल, छे, काहीतरीच काय. पण शाल्मलीच्या टाकीतल्या रताळ्याच्या वेली नेमक्या तशाच सुकत होत्या. टाकी काठोकाठ भरलेली, आणि पानं मात्र ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

शाल्मलीचं घर मंगळावरच्या वस्तीत, जमिनीखाली. वस्तीचं अर्धं जेवण रताळ्यांवर चालायचं, आणि मोठ्या शेतघरातली सगळी रताळी रोगानं कुजून गेली होती. उरली फक्त चार बेणी (लावणीसाठी कापलेले वेलीचे तुकडे). वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या सुमेधाआत्यानं ती घरच्या जलशेतीच्या टाकीत (मातीऐवजी खत मिसळलेल्या पाण्यात झाडं वाढवायची टाकी) लावली होती. पलीकडच्या वस्तीवर जाताना तिनं भाचीला बजावलं होतं, "ही जगली तर रताळी राहतील. नाहीतर पुढचं यान येईपर्यंत सगळ्यांनी अर्धपोटी राहायचं."

शाल्मलीनं घाईघाईनं आत्याशी संपर्क साधला.

"खालची पानं काढली होतीस ना? पेरं (खोडावरच्या गाठी, जिथून मुळं फुटतात) पाण्यात आहेत?" आत्यानं विचारलं.

"हो गं. पांढरी मुळंही फुटली होती. आता ती तपकिरी झालीत."

"अगं, मग मुळांना..." खर्रर्र. बाहेरच्या धुळीच्या वादळानं आत्याचं पुढचं बोलणं गिळून टाकलं.

शाल्मलीला रडूच कोसळलं. घरकामाचा यंत्रमानव ढब्बू तिच्यामागे येऊन उभा राहिला. "पाणी वाढवू?"

"कुठे वाढवतोस, डोक्यावर? टाकी भरलीय की."

तिनं एक बेणं उचलून पाहिलं. मुळं बुळबुळीत झाली होती आणि त्यांना कुबट वास येत होता. ते हातचं गेलंच होतं.

शेजारच्या ताटलीत टोमॅटोची रोपं होती. बी तिनंच स्पंजाच्या तुकड्यांत पेरलं होतं. ती मात्र कशी ताठ उभी, खालून पांढरी मुळं काढून! त्यांना तर नुसती ओल मिळत होती. कमी पाण्यात ही मजेत, आणि भरपूर पाण्यात वेली मरणाच्या दारात? स्पंजात असं आहे तरी काय?

तिनं एक कोरडा स्पंज पाण्यात बुडवून पिळला. बुडबुड बुडबुड! त्यातून हवा निघाली.

म्हणजे स्पंजातल्या मुळांना पाणीही मिळत होतं आणि हवाही. मुळांनासुद्धा श्वास लागतो! पाण्यात विरघळलेला प्राणवायू (आपल्यालाही श्वासात लागतो तोच वायू) ती घेतात. तो संपला की मुळांतलं बळ जातं आणि त्यांना पाणी वर ओढता येत नाही. मग भोवती पाणीच पाणी असलं तरी पान सुकतं.

पण टाकीत हवा सोडणारी नळी होती की! शाल्मलीनं आत हात घातला. नळीच्या तोंडावर बूच होतं. तिनं स्वतःच लावलेलं.

त्याचं असं झालं. मंगळावर बाहेरची हवा अगदी विरळ, त्यामुळे घराला बारीकशी फट पडली तरी आतली हवा निसटते. म्हणून वस्तीतले लोक भिंतींना साबणाचं पाणी फासतात. बुडबुडा दिसला की गळती, आणि गळती दिसली की बूच. पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात. टाकीत बुडबुडे दिसले, आणि शाल्मलीच्या हातानं आपसूक बूच लावलं.

तिनं ते उपटलं. बुडबुडे सुरू झाले, आणि लगेच ढब्बूचा लाल दिवा पेटला. "गळती. बूच लावतो. बाजूला हो."

"थांब, ढब्बू." ती टाकीला पाठ लावून उभी राहिली. ढब्बूचा पोलादी हात तिच्या खांद्यावरून टाकीकडे निघाला. "आधी घरातला हवेचा दाब मोज. कमी झालाय का?"

हात थांबला. "नाही."

"मग गळती कसली? घरातलीच हवा नळीतून आत जाते आणि पाण्यातून वर येऊन घरातच राहते."

ढब्बूनं हात मागे घेतला. मग दिवा विझला. शाल्मलीनं थोडं पाणीही उपसून टाकलं, म्हणजे मुळांचा वरचा भाग हवेत राहील.

तरीही उशीर झालाच होता. दुसरं बेणं गेलं, पाठोपाठ तिसरंही. शेवटच्याकडे बघायची तिला भीती वाटू लागली. मग एका सकाळी त्याचं पान वर उचललेलं दिसलं, आणि पेरापाशी एक पांढरं मूळ.

वादळ शमल्यावर काही आठवड्यांनी आत्या परतली, तेव्हा वेल टाकीबाहेर पसरली होती. "चारातलं एकच राहिलं, आत्या. माझ्यामुळे," शाल्मली मान खाली घालून म्हणाली.

आत्यानं तिला जवळ घेतलं आणि हातात कात्री दिली. "काप."

"हिला? ही एकच आहे गं."

"म्हणूनच. प्रत्येक पेरातून नवी वेल होईल. पेराच्या जरा खाली काप."

शाल्मलीनं पेराखाली कात्री धरली आणि कापलं. हातातल्या तुकड्यावर पेरं होती, आणि एवढ्याशा त्या तुकड्यात रताळ्यांचं आख्खं शेत होतं. तो तिनं आपल्या टाकीत लावलाच नाही. तो घेऊन ती तडक शेजारच्या तायडेकाकूंच्या टाकीकडे निघाली. वस्तीचं जेवण एकाच घराच्या भरवशावर ठेवायचं धाडस तिला आता होत नव्हतं.