आलं का रं, कुंडल्या?

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, कुणाच्या दारात पटवायला येणार नाही मी.

मी कुंडलिक. बारामतीत एका शाळेत इतिहास शिकवतो. टीव्हीवर पूर्वी शाळेचे कार्यक्रम लागायचे ना, ते इतिहासाचे पाठ जमवून यूट्यूबवर टाकायचा मला नाद. खाली लोक लिहितात, "सर, बालपण आठवलं! काय दिवस होते!"

काय दिवस होते ते माझं मला माहीत.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी, कळसला होतो. दुपारचे अडीच. लख्ख ऊन. भुतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्याला एकदा आमच्या घरी आणून बसवा.

एका प्रेक्षकाने एक जुना पाठ पाठवला होता. किल्ल्याचा नकाशा, हातात छडी घेतलेले सर, आणि मावळे कड्यावरून कसे चढले त्याची गोष्ट.

पाठाचं नाव वाचलं आणि ओळखलं. हाच पाठ मी दहा वर्षांचा असताना पाहिला होता. याच गावात.

तरी हौस बघा माझी! माळ्यावरचा लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बारामतीतून दुरुस्त करून आणला होता. म्हटलं, हा पाठ याच्यावरच लावून व्हिडिओ करू. कारागिराने वायर काढून दिली होती, त्यामुळे पेन ड्राइव्हचं डबडं थेट जोडता यायचं. अँटेना नाही, केबल नाही.

पोरगी निकिता मोबाइल धरून उभी. मागे खुर्चीत आई, बनाबाई. वय ब्याऐंशी. कानाच्या मशीनशिवाय तिला जवळचं ओरडणंच काय ते ऐकू येतं, आणि मशीन कपाटात होतं.

आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग चित्र स्थिर झालं. सर दिसले. छडी दिसली...

आणि गच्चीवरून आवाज आला.

"आलं का रं?"

मुलीचा आवाज.

निकिताने वर पाहिलं. "बाबा, वर कोण आहे?"

"कुणी नाही."

ती जिन्याकडे पळाली आणि परत आली. "गच्चीच्या दाराला आतून कुलूप आहे, बाबा."

"आलं का रं, कुंडल्या?"

कुंडल्या म्हणणारं आता एकच माणूस जिवंत आहे, आणि ते माझ्या मागे खुर्चीत बसलं होतं. तोंड मिटून.

आता सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नाही ते.

मला एक बहीण होती. मुलगा हवा असताना झालेली पोरगी, म्हणून नाव ठेवलं नकोशी. मी तिला आक्का म्हणायचो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. टीव्ही घरात आला, पण सिग्नल लांबचा. कुणीतरी छपरावर जाऊन अँटेना फिरवायची आणि ओरडायचं, "आलं का?" खालून कुणीतरी ओरडायचं, "आलं!" किंवा "गेलं!"

छपरावर कायम आक्का; तेव्हा गच्ची नव्हती, पत्रा होता. खाली कायम मी.

त्या दुपारी घरात आम्ही दोघंच. चित्र आलं. अगदी स्वच्छ आलं. मावळे दोर धरून चढत होते आणि मी तोंडाचा आ करून बघत बसलो.

"आलं का रं?"

मी ऐकलं. पण तोंडातून शब्द काढायचा कंटाळा केला. एवढाच माझा गुन्हा.

तिने तीनदा विचारलं. मग विचारायला पत्र्याच्या कडेला आली, खाली वाकली, आणि पाय सरकला.

मी सगळ्यांना सांगितलं, "चित्र आलंच न्हवतं, म्हणून ती फिरवत व्हती." वडिलांनी, तात्यांनी, अँटेना मोडून उसात फेकली. आईने वर्षानुवर्षं त्या अँटेनाला शिव्या दिल्या. मी ऐकत राहिलो.

"आलं का रं?"

गच्चीवरून, तिसऱ्यांदा. या वेळी आवाज खिडकीच्या बरोबर वर होता. पावलं वाजली... कडेच्या दिशेने.

मला राहवलं नाही. आई बसलीये, पोरगी उभी आहे, कशाचं भान नाही. छाती फुटेस्तोवर ओरडलो, "आलं! आक्का, आलंय! मागं हो!"

पावलं थांबली.

टीव्हीतले सर बोलतच होते.

मग अगदी हळू...

"कवा आलं?"

मी खाली बसलो. "तवाच आलं व्हतं, आक्का. पहिल्यांदा इचारलंस तवाच. मी बोललो न्हाय गं... मी बघत बसलो."

वरून काही पडल्याचा आवाज आला नाही.

मागे खुर्ची करकरली. आक्काचा आवाज आईला ऐकू गेला नव्हता. माझं ओरडणं मात्र गेलं होतं. रडताना मी किती मोठ्याने बोललो असेन!

ती माझ्याकडे बघत होती.

"तू तर म्हणला व्हतास, आलंच न्हवतं."

बस्स, एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं हो.

निकिताच्या मोबाइलमध्ये फक्त माझा आवाज आला होता. दोन वेळा ऐकला आणि पुसून टाकला.

तेव्हापासून आई रोज दुपारी गच्चीवर जाते. जिना चढताना गुडघे धरते, पण कुणाचा हात घेत नाही. मशीन कपाटातच असतं. मी रविवारी गेलो की खाली बसतो. वरून आईचं बोलणं ऐकू येतं. मध्येच ती थांबते, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. मग हसते. मला तिकडून दुसरा आवाज येत नाही. कान देऊन बसलो तरी येत नाही.

गेल्या रविवारी ती खाली उतरली तेव्हा धीर करून विचारलं. तिच्या कानाशी जाऊन, मोठ्याने.

"आई, आक्का माझ्याबद्दल काय म्हणती?"

आईने चपला काढल्या, पदराने तोंड पुसलं.

"तुझं नाव काढत न्हाय ती."