आईच्या गाडीचा पट्टा

बॅटरी महिन्याभरापूर्वीच नवी बसवलेली. गाडी बाबा रोज चालवत. तरी सकाळी किल्ली फिरवली की निळी छोटी गाडी ढिम्म हलत नव्हती. बॅटरीतली वीज जात कुठे होती?

मिरजेत आता बहुतेक गाड्या विजेवर आणि आपल्या आपण धावत. एकवीस वर्षांची ही पेट्रोलची गाडी शाल्मलीच्या आईनं हट्टानं जपली होती. आई चौदा महिने चंद्रावरच्या तळावर खडकांचा अभ्यास करत होती. येत्या रविवारी तिचं यान कोकणच्या समुद्रात उतरणार होतं. तिनं एवढंच मागितलं होतं, "मला न्यायला माझीच गाडी आणा. आंबा घाटातला वारा खायचाय."

बाबांनी आणि शाल्मलीनं गाडी ढकलत हमीदाचाचींच्या गॅरेजात आणली. चाचींची हयात इंजिनं उघडण्यात गेली होती. म्हातारपणी त्यांनी नादू नावाचा यंत्रमानव बनवला होता. तो नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखायचा.

चाचींनी दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून इंजिन चालू केलं. "कींऽऽ!"

शाल्मलीनं चटकन मान वर केली. गाडी बोळात वळली की हाच आवाज यायचा, आणि आई आली म्हणून ती दाराकडे धावायची. अजूनही धावायची. दारात बाबा दिसायचे.

"इंजिनाचा पट्टा घसरतोय," नादू म्हणाला. "बदलला की आवाज बंद."

"नको!" शाल्मली ओरडलीच. "आवाज राहू दे."

चाचींनी इंजिन थांबवलं. "बेटा, बोट ओलं करून गाडीच्या या आरशावर दाबून ओढ बघू."

"कूंऽ" झालं.

"बोट काचेला धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. सेकंदात शेकडो वेळा. त्यानं जी थरथर होते, तोच आवाज. पट्ट्याचंही तेच. इंजिन या पट्ट्यानं अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) फिरवतं आणि स्टिअरिंग वळवायलाही याचीच मदत घेतं. म्हणून वळणावर तो जास्त ओरडतो. झिजून गुळगुळीत झालाय ना, पकड सुटते त्याची."

शाल्मली विचारात पडली. "म्हणजे अल्टरनेटर पुरेसा फिरतच नाही? मग बॅटरी उपाशी राहते!"

"शाबास! वीज कुठे गेली नव्हती, भरतच नव्हती."

"आणि घाटात?"

"घाटात वळणंच वळणं. मध्येच बंद पडेल."

आईला घाटात अडकवून शाल्मलीला चालणार नव्हतं. मग तिनंच पाना मागितला. जुना पट्टा निघाला, नवा चढला. तो फार घट्ट झाला तर बेअरिंग (फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारं कडं) झिजतं, सैल राहिला तर घसरतो. म्हणून ती तारेसारखा पट्टा छेडायची आणि नादू त्याच्या सुरावरून ताण सांगायचा. "अजून थोडा... बास!"

इंजिन सुरू झालं. कींऽऽ नाही, काही नाही. शाल्मलीचे डोळे भरले.

"चाची, आता आई आल्याचं मला कळणार कसं?"

"अगं वेडे, तू काय घरात बसून वाट बघणार आहेस? तू तर गाडीतच असशील!"

रविवारी रत्नागिरीच्या बंदरावर आई चाकांच्या खुर्चीत बसून बाहेर आली. शाल्मली जाऊन बिलगली. खूप वेळानं आई म्हणाली, "चालवत नाही गं मला. पाय अगदी सैल पडलेत."

"चंद्रावर आपलं वजन सहाव्या हिश्शाइतकंच भरतं ना? मग स्नायूंना ताणच नव्हता," शाल्मली म्हणाली. "पण ते पट्ट्यासारखे बदलावे लागत नाहीत. रोज थोडा थोडा ताण दिला की घट्ट होतात. मी घेईन तुझा सराव." मग हळूच विचारलं, "पाय बरे झाले की परत जाशील?"

आई हसली. "जाईन. पण तू मोठी झाल्यावर. दोघी जाऊ."

तिनं शाल्मलीच्या खांद्यावर भार टाकला. शाल्मलीनं तो पेलला, आणि आई खुर्चीतून उठून उभी राहिली.