पौडकडं तोंड

बाजीनाना ही गोष्ट अंधार पडल्यावरच सांगतो. शपथ घेतो, की सोमनाथ आपल्या रोजच्या बसण्याउठण्यातला. नानाच्या शपथेला गावात कुत्रं विचारत नाही, तरी ही गोष्ट सुरू झाली की पोरं मोबाईल खिशात घालतात.

सोमनाथ बाहेरगावचा. मुळशीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, आणि खालची जागा अण्णासाहेबांची. गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, अण्णासाहेबांनी आपली जुनी मोटारसायकल टेम्पोतून आणून टाकली.

"उद्या पाडव्याला नातू हिच्यावर बसणार. गाडी चालू पायजे. न्हाईतर पत्रे उचल आन् चालू लाग."

"अण्णा, गाडीला आधी काय झालं व्हतं का?"

"तुला गाडी दिलीय. इचारायचं काम न्हाई दिलं."

म्हाताऱ्यांचं हे असं. दोष लपवायचा आणि दुरुस्ती मागायची.

किक मारली की इंजिन धडधडायचं, थरथरायचं, विझायला बघायचं. रेस सोडली की सायलेन्सरमधून धाडकन बार. आजूबाजूला फटाके, म्हणून कुणी वळून बघत नव्हतं. सोमनाथनं प्लग काढला. पांढराफटक. चोक ओढला, तर इंजिन सुरळीत. म्हणजे गाडी कुठूनतरी जादा हवा ओढतेय. कार्बोरेटरच्या रबरावर पेट्रोल शिंपडून बघितलं, आवाजात फरक नाही. तरी रबर बदललं. कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ केला. सायलेन्सरचं पॅकिंग नवं घातलं. बार तसाच.

रात्री नऊच्या पुढं, आता रस्त्यावरच कळेल म्हणून, तो गाडी घेऊन पौडच्या बाजूला निघाला.

धरणाचं वळण आलं आणि गाडी सुधारली. इंजिन लोण्यासारखं. सोमनाथ शीळ घालायला लागला. पत्रे वाचले! त्यानं गाडी वळवली, मुळशीकडं तोंड केलं... धाड. बंद.

पुन्हा पौडकडं तोंड. एका किकमध्ये चालू.

पुन्हा मुळशीकडं. धाड.

असला दोष कुठल्या कार्बोरेटरमध्ये नसतो. त्यानं तिसऱ्यांदा पौडकडं तोंड केलं, आणि मागच्या सीटखालचा शॉकअप हळूच दबला. कुणीतरी बसावं तसा.

वळून बघायची त्याची छाती झाली नाही. मागं श्वास होता. जड. मधेच अडकणारा. बांगड्या किणकिणल्या. फटाके थांबले होते. धरणाचं पाणी काळं...

"कुटं... जायचंय, बाई?"

 खांद्यावर मूठ वळली. घट्ट. सुटली. पुन्हा घट्ट.

तो चालवत राहिला. खड्डा आला की हळू. पौडच्या दवाखान्याच्या फाटकाशी इंजिन आपोआप थांबलं. शॉकअप वर आला.

फाटक बंदच होतं.

इथं नाना विडी पेटवतो. एकदा पोरांतल्या विकीनं त्याला सोडलं नाही.

"नाना, बाई कोण?"

"उज्ज्वला. अण्णाची थोरली सून. लई वर्सं झाली. पाडव्याच्या आदल्या रातीला पोटात कळा सुरू झाल्या. हीच गाडी, तवा नवी, दारात हुभी. पूजा न्हाई झाली, गाडीला इटाळ नगं, म्हनला अण्णा. बैलगाडीत घातली तिला. धरनाच्या वळनावरच जीव गेला."

"आन् बाळ?"

"त्ये बी."

"तुमी सगळे कुटं व्हता तवा?"

 नानाच्या बोटांत विडी तशीच जळत राहिली.

"तितंच," विकी म्हणाला. "अंगनात. बघत."

नानानं मान वर केली नाही. पुढचं सांगितलं ते जमिनीकडं बघून.

पौडहून येताना गाडीनं एकदाही बार काढला नाही. सकाळी अण्णासाहेब आले. सोमनाथनं किक मारली. इंजिन एकसुरात. अण्णासाहेब खुश. गाडीला फेरी मारली, आणि डाव्या बाजूला थांबले.

"ह्यो कुनी उघडला?"

मागच्या माणसाचा पाय ठेवायचा फूटरेस्ट. गंजून दुमडलेलाच बसला होता, कितीतरी वर्षं. तो खाली आलेला.

 अण्णासाहेब एकटेच, पायी, घरी गेले. पत्र्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. गाडी न्यायलाही कुणी आलं नाही.

सोमनाथनं फूटरेस्ट हातोड्यानं ठोकून वर करायला बघितला. हलत नाही. आणि त्याचं रबर, कधीही हात लावा, कोमट लागतं.