शून्य नोंदीचा चौथरा

या शहरात कुणाचं घर शोधायचं असेल तर मागच्या महिन्याच्या पत्त्यावर जाऊ नका. दर अमावास्येला शहर कूस बदलतं. रस्ते रुंदावतात, दुकानं सरकतात आणि जिथं कुणी फिरकत नाही ती जागा जमीनदोस्त होते. हे ठरवते पदगणना. म्हणजे असं, की प्रत्येकाच्या पायताणात एक कण असतो आणि फरशीत त्याला ओळखणारा दुसरा. वजन पडलं की दोघांची गाठ पडते आणि नोंद होते. माणसांना काय हवं ते माणसांना विचारायची कटकटच उरली नाही.

शकुंतला लोंढे निवृत्त बस कंडक्टर. नवरा गेल्यावर दोन वर्षं भिंतींशी बोलत होत्या. मग गल्लीतल्या चौथऱ्यावर पापड लाटायला बसू लागल्या आणि पुन्हा माणसांत आल्या. त्याच चौथऱ्यावर नोटीस लागली. उद्या पाडणार, नोंद शून्य. त्या तडक नगररचना कचेरीत गेल्या.

तिथले शास्त्रज्ञ केळुसकर सभ्य माणूस, पण आकड्यापुढे कुणाचं ऐकतील तर शपथ.

“मावशी, तीन वर्षांत तिथं एक पाऊल पडलेलं नाही. शेजारच्या रस्त्यावर मात्र गर्दी मावत नाही. चौथरा काढायचा, रस्ता रुंद करायचा.”

“साहेब, तीस वर्षं मी बसमध्ये माणसं मोजली. एक डोकं चुकलं तरी डबल बेल मारली नाही. दुपारी येऊन बघा तरी.”

ते आले. कडेला चपलांची ही रास आणि वर सव्वीस बायका. केळुसकर तसेच चढायला निघाले.

“अहो, पापड वाळतायत. बूट काढा आधी.”

त्यांनी बूट काढले, वर पाय ठेवला आणि हातातल्या पदगणनेच्या यंत्रावरचा त्यांचा ठिपका विझला. बूट रस्त्यावर होते, पण त्यांत वजन नव्हतं. वर वजन होतं, पण कण नव्हता. शहराच्या लेखी केळुसकर कुठंच नव्हते.

पाडण्याची नोटीस रद्द झाली. शकुंतलाबाई पापडांशेजारी मटकन बसल्या आणि पोटभर रडल्या, इतकं हायसं वाटलं. पण डोक्यातून गल्ली जाईना. सावली कुठं हवी, नळ कुठं, म्हाताऱ्यांना टेकायला जागा कुठं, खाकी कागदावर रेघा मारत बसायच्या. साठीला हे काय खूळ, म्हणून स्वतःशीच हसायच्या. इतकं मन तर नोकरीतही कधी रमलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात कचेरीनं त्यांना खुर्ची दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी शून्य म्हणून पाडलेल्या जागांची यादी मागितली. चारशे अकरा. बालवाड्या, तालमी, दर्गे. एका ओळीवर केळुसकरांचं बोट थांबलं.

“हे भजनी मंडळ. आई रोज जायची. पाडायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, आम्ही वीसजणी बसतो रे तिथं. मी म्हटलं, आई, तिथं कुणीच येत नाही.”

“मग?”

“मग ती घराबाहेरच पडली नाही. आता विषय काढला की म्हणते, तुझंच बरोबर, नव्हतंच तिथं कुणी.”

शकुंतलाबाईंनी चपला पायात सरकवल्या.

“आईंचा पत्ता सांगा,” त्या म्हणाल्या. “या महिन्याचा.”