पेटीचा आदला नंबर

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या, ताईच्या घरी घडलंय हे. तिसरा मजला, भर दुपार, साडेतीनची वेळ.

मावशीला आधाराशिवाय चालता येत नसे आणि ताई दिवसभर कामावर. म्हणून दाराबाहेर भिंतीवर तळहाताएवढी लोखंडी पेटी बसवली होती. चार आकडे जुळवले की उघडायची, आत घराची किल्ली. साडेतीनला सांभाळणाऱ्या बाई येत, किल्ली काढून आत जात.

ताई भारी काटेकोर. जन्मसालाचा नंबर ठेवायचा नाही, पेटी लावली की आकडे विस्कटायचे, नंबर मोठ्यानं उच्चारायचा नाही.

"चोराला इथे मिळणार काय? माझी कवळी?" मावशी म्हणायची.

एकदा बाईंनी जिन्यात उभं राहून बदलीच्या बाईला फोनवर नंबर सांगितला. खणखणीत आवाजात. ताईच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिने नंबर बदलला. ऑफिसात पोचून बाईंना कळवू, म्हणाली.

विसरली.

बाई आकडे फिरवत राहिल्या. पेटी उघडेना. ताईचा फोन मीटिंगमध्ये मुका. बाईंचे अकरा फोन वाया गेले.

आतून मावशीचा आवाज आला, "थांबा बाई... येते मी."

मग पडल्याचा आवाज.

मावशी गेली.

आठवड्याने ताई रजेवर घरीच होती. साडेतीनला दाराबाहेर...

टिक... टिक... टिक... टिक.

कुणीतरी पेटीचं झाकण ओढलं.

आतल्या खोलीत पलंग करकरला...

ताईने धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नाही. विस्कटून ठेवलेले आकडे मात्र जुन्या नंबरवर जुळलेले.

तिने बाईंना फोन लावला.

"ताई, त्या दिवसापासून मी तुमचा जिना चढले नाही," बाई म्हणाल्या.

ताईने पेटीला पुन्हा जुनाच नंबर लावला. निदान आता तरी उघडेल.

दुसऱ्या दिवशी तीच टिकटिक, तीच ओढाओढ. पेटी उघडली नाही.

बाहेर आकडे होते... नव्या नंबरचे. जो तिने कुणालाच सांगितला नव्हता. सांगायचाच राहून गेला होता.

त्यानंतर तिने कितीदा नंबर बदलला. बाहेरचा हात कायम आदल्या नंबरवर.

शेवटी तिने पेटीच उखडून टाकली.

परवा मी तिच्याकडे गेले होते. सव्वातीनला तिने दार सताड उघडलं आणि फोन मुठीत धरून मावशीच्या खोलीसमोर येऊन बसली. बाहेर भिंतीवर स्क्रूची नुसती चार भोकं.

टिक... टिक... टिक... टिक.

आत पलंग करकरला. सपाता फरशीवर घासत निघाल्या...

"आई, दार उघडंच आहे गं," ताई हळूच म्हणाली. "उठू नकोस."

सपाता थांबल्या नाहीत.

आम्ही दोघी त्या पडण्याची वाट बघत बसलो.