तिरक्या पट्ट्यांवर

"तुम्हाला दिसत नाही का? डोळे तपासून घ्या एकदा!"

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमाची सुरुवात म्हणून फार गोड नाही, मान्य आहे. पण दिवसभर लोकांचे डोळे तपासून मी दमलेली, संध्याकाळी खाली येते तर माझ्या गाडीच्या दाराला अगदी खेटून एक हिरवी व्हॅन उभी! व्हॅनचं मागचं दार सताड उघडं, आत पानांचं जंगल, आणि एक उंच माणूस पोटाशी कुंडी धरून मजेत शीळ घालतोय.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या व्हीलचेअरकडे, मग जमिनीवर रंगवलेल्या व्हीलचेअरच्या चित्राकडे.

"पण मी त्या चित्रावर लावली नाही," तो म्हणाला. "मुद्दाम शेजारी लावली. ती जागा राखीव असते ना, माहितेय मला."

चेहऱ्यावर भाव असा, की आता शाबासकी मिळणार.

"आणि हे शेजारचे तिरके पट्टे? ते काय रांगोळी म्हणून काढलेत?"

"मला वाटलं... उरलेली जागा असेल."

उरलेली जागा! मी त्याला समजावून सांगितलं. म्हणजे आवाज जरा चढलाच होता, पण सांगितलं. मी गाडी स्वतः चालवते, ब्रेक आणि वेग दोन्ही हातांनी. लहानपणीच्या एका आजारानंतर पाय माझं ऐकत नाहीत, म्हणून गाडीतच तशी सोय करून घेतली आहे. बसायचं तर दार पूर्ण उघडावं लागतं. खुर्ची दाराला लावायची, स्वतःला सीटवर ओढून घ्यायचं, मग खुर्चीची चाकं काढायची आणि एकेक भाग आत घ्यायचा. हे सगळं त्या पट्ट्यांवर होतं. चित्रावर गाडी राहते आणि पट्ट्यांवर मी.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मग चावी द्या, मी गाडी बाहेर काढून देतो."

"चावी मी कुणाला देत नाही."

"नाहीतर मग... उचलून बसवू का?"

"मी कुंडी नाही."

त्याचे कान लालबुंद झाले. त्याने धावत जाऊन व्हॅन मागे घेतली... घाईत कुंडी आत ठेवताना दारावर डोकं आपटून घेतलं ते वेगळंच. मला हसू आलं, पण मी ते गालात दाबलं. इतक्या लवकर हसायचं नसतं.

दोन दिवसांनी वर आमच्या चष्म्याच्या दुकानात मालकीणबाईंनी हाक मारली, "अगं, एक गृहस्थ आलेत. म्हणतात, डोळे तपासून घ्यायला सांगितलंय मला."

तोच! धुतलेला शर्ट, नीट भांग, आणि तरी ओल्या मातीचा वास. आमच्या इमारतीतल्या सगळ्या ऑफिसांमधली झाडं त्याच्याकडे होती. पाणी घालायचं, पानं पुसायची, आजारी पडलेलं झाड नेऊन बरं करून आणायचं.

मी खोलीतला दिवा मंद केला. डोळ्यात उजेड टाकून तपासताना समोरच्याची नजर हलू नये, म्हणून आम्ही सगळ्यांनाच एक वाक्य सांगतो.

"माझ्या कानाकडे बघा."

"कानाकडेच?"

"कानाकडेच."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझा त्याला येत नसावा, अशी आशा.

"निळा खडा आहे," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"कानात. छान दिसतो... कानाकडेच बघतोय हो, तुम्हीच सांगितलंत!"

शेकडो लोकांना मी ते वाक्य सांगितलं असेल. पण माझ्या कानाचं तापमान कधी वाढलं नव्हतं.

"नजर ठणठणीत आहे तुमची," मी दिवा लावत म्हटलं. "मग ते पट्टे कसे दिसले नाहीत?"

"दिसले होते. कशासाठी आहेत ते ठाऊक नव्हतं. आता आहे." कसली सारवासारव नाही, काही नाही. पडद्याबाहेर मालकीणबाई विनाकारण खोकल्या.

मग तो इमारतीत आला की दुकानात डोकावू लागला. आमच्या दुकानात तोपर्यंत एकही झाड नव्हतं. बघता बघता काउंटरवर एक, खिडकीत दोन आणि माझ्या खोलीत एक नाजूक वेल येऊन बसली. आई रोज रात्री जेवताना विचारायची, "आज कुंडीवाल्याने काय दिलं?" आणि मी म्हणायची, "आई, पुरे हं." मग ती आणखीच विचारायची.

पण माझ्या मनात एक गाठ होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी जन्मभर लोकांचे आभार मानत आले आहे. दार धरलं, थँक्यू. लिफ्ट थांबवली, थँक्यू. न विचारता मागून खुर्ची ढकलली, मी दचकले, तरीही थँक्यू. आईच्या ओळखीतला एक मुलगा मला बघून तिला म्हणाला होता, "मी सांभाळीन हिला." आई विरघळली. मी मात्र त्याला वाटेला लावलं. सांभाळायला मी काय काचेचं भांडं आहे? ज्याच्यावर प्रेम करायचं, त्याचे सकाळ-संध्याकाळ आभार मानत बसायचं, या कल्पनेनेच माझा जीव घुसमटायचा. त्यापेक्षा एकटी बरी, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि आता हा शीळ घालणारा माणूस त्या ठरवण्याची मुळंच सैल करत होता.

अशात ती कुंड्यांची सकाळ उजाडली.

खाली माझ्या त्या राखीव जागेवर रोज कुणी ना कुणी घुसतंच. 'पाचच मिनिटं' हा त्यांचा मंत्र. एक जण फोनवर बोलायला थांबतो. एक बाई गाडी लावून सरळ जिमला जातात. एकदा तर मला येताना बघून एक सद्गृहस्थ गाडीतून उतरल्या उतरल्या चक्क लंगडायला लागले! हे सगळं मी त्याला हसत हसत सांगितलं होतं. तो मात्र हसला नव्हता.

त्या सकाळी बारीक पाऊस होता. मी गाडी चित्रावर लावली, दार उघडलं, आणि ते धाडकन कशावर तरी आदळलं. पट्ट्यांवर ओळीने चार थोरल्या कुंड्या! गुडघ्याएवढ्या उंच, म्हणून पावसाळी काचेतून न दिसलेल्या, मातीने गच्च भरलेल्या.

वॉचमनकाका छत्री सावरत आले. "कुंडीवाल्या साहेबांनी ठेवल्यात. तुमच्या जागेत कुणी घुसू नये म्हणून. भला माणूस आहे हो!"

"काका, हलवता का जरा?"

"माझी कंबर तुम्हाला माहितेय..."

झालं! वर पेशंट खोळंबलेले, मालकीणबाईंचे फोनवर फोन, दार पूर्ण उघडेल अशी दुसरी जागा नाही, आणि मी माझ्याच जागेत, माझ्याच गाडीत अडकलेली. तीही कुणाच्या तरी भलेपणामुळे. संताप आला, आणि त्या पाठोपाठ रडू. तो आला तेव्हा मी काच खाली करून जे तोंड सोडलं, ते वॉचमनकाका अजून सांगतात.

"माझ्यासाठी केलंत ना? मग मला विचारलंत का? आजवर लोकांच्या गाड्या आडव्या यायच्या, आता तुमची दया आडवी आली! आणि वर मीच आभार मानायचे?"

तो भिजत उभा होता. मग खाली वाकून चारही कुंड्या बाजूला केल्या.

"चुकलं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. यापुढे विचारीन." आणि जरा थांबून, "दया मात्र नव्हती... तेवढं चुकीचं बोललात."

मग काय होती? मी विचारलं नाही. भीती वाटली.

त्यानंतर खरंच तो सगळं विचारू लागला. एका संध्याकाळी पाऊस जोरात होता. मी गाडीत बसायच्या तयारीत, तो छत्री घेऊन हजर.

"धरू का?"

"नको," मी म्हटलं. मुद्दामच.

"बरं." आणि हा पठ्ठ्या छत्री स्वतःच्याच डोक्यावर धरून शेजारी उभा राहिला! मी भिजतेय, चाकं काढतेय, आणि हा कोरडा ठणठणीत. मी वर पाहिलं. त्याचे ओठ थरथरत होते. आधी कोण हसलं कोण जाणे, पण मग आम्हाला थांबवता येईना. शेवटी त्याने छत्री मिटून टाकली. "एकटाच कोरडा राहून काय करू?" असं म्हणून तोही माझ्याबरोबर गार पाण्यात भिजत राहिला.

त्या रात्री मी आरशात बघून स्वतःला बजावलं, की सावर बाई, वेळेवर सावर.

आणि सावरायची संधी लगेच आलीसुद्धा. एके दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "आज शेवटची फेरी. इमारतीच्या मालकांनी सगळीकडे प्लॅस्टिकची झाडं आणायचं ठरवलंय. पाणी नको, माणूस नको."

"अस्सं," मी म्हटलं. हातातला चष्मा पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"दुसरं काम शहराच्या पार त्या टोकाला मिळालंय. म्हणजे... आता इकडे येणं होणार नाही."

"बरं. शुभेच्छा." काय ही मी! तो मान हलवून निघून गेला. दिवसभर मी ठरवत होते, की संध्याकाळी खाली जायचं, गाडीत बसायचं, निघून जायचं. मागे वळून बघायचं नाही. एकटी बरी.

संध्याकाळी खाली आले, तर पट्ट्यांवर एक भलीमोठी चंदेरी गाडी. दाराला इतकी चिकटून, की मधून वहीसुद्धा सरकली नसती.

तो पलीकडे व्हॅनमध्ये शेवटच्या कुंड्या चढवत होता. आला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चावी मागितली नाही. उचलण्याचं तर नावच नाही.

"काय करू?" त्याने विचारलं.

"काही नाही. वॉचमनकाका गेलेत गाडीच्या मालकाला शोधायला. थांबायचं."

"मीही थांबलो तर चालेल?"

मी मान डोलावली. त्याने एक रिकामी कुंडी आणली, उलटी ठेवली आणि तिच्यावर बसला. आता त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर आले. माझ्याशी सगळे वरून बोलतात, तुम्हाला कल्पना नाही. मान दुखेपर्यंत वर बघायची सवय झालेली मी... आणि हा समोर. मला कुठे बघावं ते सुचेना.

"माझ्या कानाकडे बघा," तो गंभीरपणे म्हणाला.

मी फिस्सकन हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"त्या दिवशी मी म्हटलं होतं, दया नव्हती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी फार स्वार्थी माणूस आहे हो. मला तुम्हाला सांभाळायचं वगैरे नाहीये. तुम्ही स्वतःला चांगल्या सांभाळता, वर मलाही झापता. मला फक्त... तुमच्याबरोबर असं खोळंबून राहायला आवडतं. ही गाडी बाजूला झालीच नाही, तरी मला चालेल."

एवढं साधं! मी आयुष्यभर मला उचलून नेणाऱ्यांना घाबरत होते. माझ्याबरोबर नुसतं थांबणारा कुणी असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"माझ्याबरोबर फार खोळंबावं लागेल," मी म्हटलं. "दर दाराशी. दर पायरीशी. जन्मभर."

"विचारताय की घाबरवताय?"

"विचारतेय," मी म्हटलं. "तू मला आवडतोस. खूप. शहराच्या त्या टोकाला गेलास तरी... मला गाडी चालवता येते."

त्याने हात पुढे केला. धरला नाही, नुसता उघडा ठेवला. मी तो धरला. बोटांना माती होती आणि ती मला खूप आवडली.

तेवढ्यात वॉचमनकाकांच्या मागून चंदेरी गाडीवाले धापा टाकत आले. वयस्कर, टाय सैल झालेला. "सॉरी, सॉरी, पाचच मिनिटं म्हणून..." आणि त्याच्याकडे वळून, "यांना फार त्रास झाला का हो?"

"त्यांनाच विचारा की," तो म्हणाला.

ते माझ्याकडे वळले, मान खाली घालून, ओरडा खायच्या तयारीत. वॉचमनकाकाही दोन पावलं मागे सरले.

"थँक्यू," मी म्हटलं.

"आँ?"

"मनापासून थँक्यू. तुम्ही आज इथे गाडी लावली नसतीत, तर मी केव्हाच निघून गेले असते." लाख वेळा उच्चारलेला तो शब्द, पण आज तो माझ्या आत कुठून तरी खोलवरून आला. कुणासाठी आला, ते हात धरलेल्याला बरोबर कळलं.

गाडीवाल्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे... परत कधी लावली तर चालेल?"

"अजिबात नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

ते लगबगीने बसले, गाडी मागे घेतली आणि नाहीसे झाले. काका हसत हसत आपल्या खुर्चीकडे गेले. तिरके पट्टे मोकळे झाले, माझ्या दाराशी भरपूर जागा झाली, आता केव्हाही निघता आलं असतं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.